कलरचेकर पासपोर्ट फोटो २ : प्रात्यक्षिकाचे गुण द्यायला कितपत कामाचं?

आयटीआयच्या ‘डिजिटल फोटोग्राफर’ ट्रेडला प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीत ३३ पुरतात. म्हणजे सगळी मदार जॉबवर, परीक्षेत करून दाखवायच्या कामावर. आणि जॉब तपासताना बऱ्याचदा होतं काय, तर शिल्प निदेशक आणि बाहेरून आलेले परीक्षक मॉनिटरसमोर बसतात, ‘रंग जरा पिवळे वाटतायत’ म्हणतात आणि चार गुण कापतात. तो मॉनिटर कधी कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग खरे दिसावेत असा जुळवलेला नसतो. तीच फाइल शेजारच्या पीसीवर निळसर दिसते. पोराने विचारलं, ‘सर, पिवळं म्हणजे किती?’, तर उत्तर कुणाकडेच नाही.

कॅलिब्राइटचं (आधी हे एक्स-राइटच्या नावाने यायचं) पासपोर्ट फोटो २ हे घडीचं कार्ड विकलं जातं कॅमेऱ्याचं रंगांचं प्रोफाइल (त्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल) बनवायला. आपण ते परीक्षेच्या टेबलावर कसं चालतं एवढंच पाहू. एक्स्पोजर (फोटोत प्रकाश किती आला), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) आणि प्रकाशाची शिस्त तपासायला ते फार उपयोगी आहे. बाकी कौशल्यांबद्दल ते काही सांगत नाही. आणि त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर परीक्षेत वापरूच नये.

कडक प्लास्टिकच्या डबीत चार पानं आहेत : २४ रंगांचं क्लासिक टार्गेट, व्हाइट बॅलन्सचं पान, लँडस्केप-पोर्ट्रेटच्या रंगछटांचं पान आणि १८ टक्के ग्रे. परीक्षकाला खरं काम पडतं ते क्लासिकच्या शेवटच्या ओळीशी. तिथे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा चौकोन आहेत आणि एसआरजीबी या पडद्यावरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत त्यांचे आकडे (० काळा, २५५ पांढरा) साधारण २४३, २००, १६०, १२२, ८५ आणि ५२ असे धरले जातात.

इथेच पहिला घोळ होतो. आकडे छापील आहेत म्हणून काही जण विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये तेच शोधायला जातात. ते येणार नाहीत. लाइटरूम असो की कॅमेरा रॉ, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) उघडताना ते स्वतःचा टोन कर्व्ह लावतात, म्हणजे उजेड-अंधाराचे आकडे बदलतात. एक्स्पोजर अचूक असलं तरी चौथा चौकोन १२२ वाचेलच असं नाही, आणि न वाचल्याबद्दल मुलाचे गुण कापणं अन्याय आहे. त्यापेक्षा परीक्षेआधी निदेशकाने त्याच लाइटमध्ये, त्याच कॅमेऱ्यावर कार्डची एक फ्रेम मीटरने नीट काढून ठेवावी आणि सगळ्यांच्या रॉ फाइल त्याच डिफॉल्ट सेटिंगला उघडून त्या फ्रेमशी ताडून पाहाव्यात.

मग चुकीचं मापही कार्डच देतं. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. पांढऱ्या आणि दुसऱ्या चौकोनात सुमारे ०.६ स्टॉपचं अंतर आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात ०.७, तिसऱ्या-चौथ्यात ०.९ च्या आसपास. मुलाच्या फ्रेममधला पांढरा चौकोन निदेशकाच्या फ्रेममधल्या दुसऱ्याइतका वाचला, तर फोटो साधारण ०.६ स्टॉप अंडर, म्हणजे तेवढा काळपट आहे. तिसऱ्याइतका वाचला, तर सव्वा स्टॉपहून जास्त. एक तृतीयांश स्टॉपपर्यंत पूर्ण गुण, दोन तृतीयांशपर्यंत थोडे कमी, एका स्टॉपपुढे नापास, असा तक्ता भिंतीवर लावला की वादाला जागा राहत नाही.

व्हाइट बॅलन्स याहून सोपं. दुसऱ्या ते पाचव्या चौकोनात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकमेकांच्या ३ अंकांच्या आत हवेत. लाल १७०, हिरवा १६०, निळा १४३ असं दिसलं तर ‘पिवळं म्हणजे किती’ याचं उत्तर मिळालं, मॉनिटर कसाही असो. आकडे वाचायचा आयड्रॉपर मात्र ‘पॉइंट सॅम्पल’वर ठेवू नका. एकाच पिक्सेलचा आकडा नॉइजमुळे हवा तसा उडतो. निदान ५×५ ची सरासरी घ्यावी, फाइल मोठी असेल तर ३१×३१. मुलांनी ड्रॉपर कुठे टेकवला तेही विचारावं. पांढऱ्या चौकोनावर टेकवणारे बरेच निघतात. तिथे लाल, हिरवा, निळा यांतला एखादा चॅनल क्लिप झालेला (आकडा वरच्या टोकाला अडकलेला) असला तर सगळा हिशेब फसतो. पासपोर्टमध्ये त्यासाठी वेगळं पान दिलंय, किंवा मग दुसरा चौकोन घ्यावा.

जॉबची आखणी अशी जमते. दोन सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारे डबे), कार्डच्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. आयएसओ १००, एफ/८, १/१२५. पहिल्या फ्रेममध्ये वस्तूच्या जागी कार्ड, दुसऱ्यात कार्ड काढून वस्तू, मधे कशालाही हात लावायचा नाही. चलाख मुलं कार्डची फ्रेम नीट काढतात आणि मग ‘जरा छान दिसावं’ म्हणून लाइट सरकवतात. हे पकडायला दोन्ही फ्रेममधल्या पार्श्वभूमीचा एकच कोपरा मोजावा. आकडा चार-पाच अंकांपेक्षा जास्त हलला तर सेटिंग बदललंय.

कार्डवरून आणखी बरंच वाचता येतं. काळा चौकोन निदेशकाच्या फ्रेमपेक्षा १५-२० अंकांनी उजळ आला आणि पांढरा मात्र बरोबर असला, तर चकाकी पडली आहे. चौकोन मॅट असले तरी लाइट लेन्सच्या बाजूला फार जवळ आला की चमकतातच. राखाडी चौकोन न्यूट्रल, पण वस्तूची सावली हिरवट-पिवळी असेल, तर वर्गातली ट्यूबलाइट चालू राहिली आहे. फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगला एक फोटो काढायला लावा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. स्वस्त एलईडी पॅनलवर लागोपाठच्या फ्रेममध्ये आकडे बदलत असतील किंवा आडवे पट्टे येत असतील, तर दोष मुलाचा नाही, लाइटचा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा भागतं.

मोठी अडचण कार्डच्या आकाराची. पासपोर्ट इतकं लहान आहे की तीन फुटी टेबलावर प्रकाश एका कडेला पाऊण स्टॉप कमी पडला असेल तरी त्याला पत्ता लागत नाही. त्यासाठी टेबलभर साधा राखाडी कागद पसरून चार कोपरे आणि मध्य मोजणं, किंवा मोठं क्लासिक कार्ड घेणं, एवढेच उपाय. ग्रुप फोटो आणि पेंटिंगच्या कॉपीसाठी हे लागतंच.

दुसरी मर्यादा कमी लोकांच्या लक्षात येते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचं अख्खं अंतर पाच स्टॉपसुद्धा नाही. लग्नातल्या पांढऱ्या साटनच्या साडीवरची चमक या कार्डच्या पांढऱ्याहून खूप वर जाते. कार्डवर सगळे आकडे छान आणि पदराचा मात्र चुना झालेला, असं सहज होतं. त्यामुळे हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) सांभाळण्याचे गुण हिस्टोग्रामवरूनच, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावरूनच द्यावेत.

आता सॉफ्टवेअर. त्यात कार्डची फ्रेम टाकली की ते प्रोफाइल बनवतं आणि धंद्यात ते फार कामाचं आहे. दोन कंपन्यांचे कॅमेरे एकाच लग्नात वापरणाऱ्यांना तर नक्कीच. पण परीक्षेत हे प्रोफाइल लावून फाइल तपासली, तर दिव्याच्या वाईट रंगामुळे आलेला बराचसा दोष ते स्वतःच झाकून टाकतं. आपण मग मुलाला नव्हे, प्रोग्रामला गुण देत बसतो. प्रोफाइल बनवता येतं का, हा वेगळा आणि छोटा जॉब ठेवावा. जेपीईजीवर परीक्षा घेणार असाल तर कॅमेऱ्यातलं ‘व्हिविड’, ॲक्टिव्ह डी-लायटिंग, ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर अशा आपोआप रंग-उजेड बदलणाऱ्या सोयी आधी बंद. नाहीतर ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या ओळीतले पहिले दोन चौकोन गडद आणि फिकट त्वचेचे आहेत. पोर्ट्रेटच्या जॉबमध्ये मॉडेलच्या हातात कार्ड दिलं की एक खोड उघडी पडते : चेहरा दोन-तीन छटा गोरा करण्याची. कार्ड जागच्या जागी आणि गाल मात्र उजळलेला, म्हणजे मास्क लावून (चेहऱ्याचा भाग वेगळा निवडून) ब्राइटनेस वाढवलाय. गिऱ्हाईक मागतं हे खरं, पण जॉबपत्रकात ‘त्वचेचा मूळ वर्ण राखा’ लिहिलेलं असेल तर गुण जायलाच हवेत. हळदीच्या फोटोंत उलटं होतं. फ्रेमभर पिवळं असलं की ऑटो व्हाइट बॅलन्स निळ्याकडे ओढतो आणि हळदच फिकी पडते. ऑटो का वापरू नये, हे शिकवायला यासारखा जॉब नाही.

आउटपुटच्या (प्रिंटसाठी फाइल तयार करण्याच्या) कौशल्याला या कार्डचा काडीचा उपयोग नाही. ३.५ × ४.५ सेंमीचा फोटो ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ४१३ × ५३१ पिक्सेल होतो, ६ × ४ इंचांची प्रिंट १८०० × १२००. रीसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलणारी सोय) चालू ठेवून नुसता रिझोल्यूशनचा आकडा ७२ चा ३०० करणारे प्रत्येक बॅचमध्ये सापडतात. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करण्याऐवजी ‘असाइन’ करणारे, म्हणजे आकडे न बदलता नुसतं नाव बदलणारेही. हे फाइल उघडूनच कळतं. फाइल मित्राची तर नाही ना, हे बघायला एक्झिफटूल हा फाइलमधली लपलेली माहिती दाखवणारा प्रोग्राम फुकट आहे. मूळ वेळ, कॅमेऱ्याचा सीरियल नंबर आणि सॉफ्टवेअरचं नाव मिनिटात समोर येतं. अर्थात तेच टूल माहिती बदलूही शकतं, म्हणून रॉ फाइल परीक्षा संपताच मेमरी कार्डवरून परीक्षकानेच उतरवून घ्यावी.

लहान संस्थेला किंमत झोंबते. ऑनलाइन मिळणारी बिननावाची २४ रंगी कार्डं स्वस्त असतात, पण ती बहुधा साध्या छपाईची. दिवसाच्या उजेडात राखाडी दिसणारा चौकोन एलईडीखाली गुलाबी झुकतो आणि गुण देण्याचा आधारच जातो. त्यापेक्षा रोजच्या सरावाला साधं ग्रे कार्ड द्यावं आणि एकच पासपोर्ट कुलपात ठेवून परीक्षेलाच काढावं. चौकोनांना बोट लावायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, कोकणातल्या दमट हवेत डबीत सिलिका जेलची पुडी टाकायची. कंपनी दोन वर्षांनी बदला म्हणते. कुलपातलं कार्ड जास्तही टिकेल, पण दरवर्षी नव्या ग्रे कार्डशेजारी ठेवून एक फ्रेम काढून बघावी.

जुनं कार्ड सेकंडहँड घेताना त्यावरची तारीख पाहा. नोव्हेंबर २०१४ पासून कंपनीने रंगांच्या संदर्भाचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे आधीच्या कार्डला नवा तक्ता लावला तर काही चौकोन विनाकारण चुकलेले दिसतील.