मेनिंडीच्या तळ्यावरची हाऊसबोट: बयाणा भरण्याआधी हे वाचा

चार रात्री, सहा जणांची झोपायची सोय, स्वयंपाकघर, गच्चीवर बार्बेक्यू, भाडं २,४०० डॉलर. निम्मे आगाऊ, निम्मे पोचल्यावर. ॲडलेडमधल्या एका मराठी कुटुंबाने ईस्टरच्या तीन आठवडे आधी यातले १,२०० डॉलर भरले. नाशिकहून आलेल्या आई-बाबांना समुद्रकिनाऱ्यापलीकडचा, आतला लाल मातीचा ऑस्ट्रेलिया दाखवायचा होता. आठवड्याने बोटीची अनामत म्हणून आणखी ६०० मागितले, तेही दिले. निघायच्या आदल्या दिवशी फोन बंद, जाहिरात गायब. १,८०० डॉलर गेले आणि बोट कधी नव्हतीच.

अशी फसवणूक गोल्ड कोस्टच्या गजबजलेल्या किनाऱ्यावरही होते. पण न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, डार्लिंग नदीकाठच्या मेनिंडीसारख्या जागी ती जास्त सोपी जाते. गाव जेमतेम पाचशे वस्तीचं. सगळ्यात जवळचं शहर ब्रोकन हिल, तेही ११० किलोमीटरवर. गावाबाहेर पडलं की मोबाईलची रेंज जाते. त्यामुळे 'इथे नेटवर्क नाही, फोन करू नका, मेसेजच करा' हे भामट्याचं वाक्य खरं वाटतं. आधी जाऊन बघून येणारा कुणी नसतो, आणि ॲडलेडहून पाचशेवर किलोमीटर गाडी हाकून आलेलं कुटुंब रात्री परत फिरू शकत नाही. भामट्याला हे सगळं पक्कं ठाऊक असतं.

ही बोट खोटी आहे हे पैसे न भरताही कळलं असतं, फोटोवरूनच. जाहिरातीतल्या बोटीमागे पिवळ्या-तांबूस दगडाचा उंच, उभा कडा होता. असे कडे मरे नदीच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या भागात आहेत, आणि हाऊसबोटीही तिथे चालतात. मेनिंडीचा मुलूख तळहातासारखा सपाट. तळ्यांच्या काठाला फार तर वाळूचे बुटके उंचवटे आणि पाण्यात उभी वाळलेली झाडं, पांढरी पडलेली. तळी उथळ, बुडालेल्या ओंडक्यांनी भरलेली. मोठी बोट तिथे कशी चालेल, एवढा प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं. फोटो गूगल लेन्सवर टाकला की मूळ बोट कुठली ते बहुतेक वेळा दोन मिनिटांत सापडतं. न सापडल्यास मागची जमीन बघा, जमीन बदलून टाकायचे कष्ट भामटे सहसा घेत नाहीत.

दुसरा प्रकार जास्त चलाख असतो, कारण त्यात घर खरं असतं, खोटं असतं ते पाणी. 'तळ्याकाठचं घर' म्हणून भरल्या तळ्याचा फोटो लावायचा, गिऱ्हाईक पोचतं तेव्हा समोर भेगाळलेला चिखल. हे ओळखायचं तर तळी कशी भरतात ते माहीत हवं.

इथल्या तळ्यांना एक मोठी भिंत घातलेली नाही. डार्लिंगला पूर आला की पाणी ज्या नैसर्गिक खळग्यांत पसरायचं, तेच १९६८ पर्यंत बंधारे, दरवाजे आणि कालव्यांनी जोडून घेतले. मुख्य बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं ते वेदरेल तळं. तिथून पामामारू, पामामारूतून मेनिंडी तळं, आणि सगळ्यात शेवटी कॉन्डिला. म्हणजे पाणी कमी आलं तर वेदरेल आणि पामामारूत दिसेल आणि मेनिंडी-कॉन्डिला कोरडी राहतील. पूर्ण साठा १,७३१ अब्ज लिटर, आपल्या हिशोबात सुमारे ६१ टीएमसी, उजनीच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण उजनीसारखं दर पावसाळ्यात भरेल ही अपेक्षा इथे चालत नाही. पाणी येतं ते शेकडो किलोमीटर वरच्या क्वीन्सलंडच्या आणि उत्तर न्यू साउथ वेल्सच्या पावसावर, आणि उथळ तळ्यांतून उन्हाने उडून जातं. २०१८च्या डिसेंबरात आणि पाठोपाठ जानेवारीत मेनिंडीजवळच्या नदीत मेलेल्या माशांचे थर तरंगत होते. २०२३च्या मार्चमध्ये पुन्हा तेच झालं. त्या दिवसांत तिथे राहायचं म्हणजे काय, ते फोटोत कळत नाही.

म्हणून 'लेक्स सत्तर टक्के भरलेत' या वाक्यावर पैसे देऊ नका. तो आकडा चारही तळ्यांचा एकत्र असतो. राज्याची धरणं सांभाळणाऱ्या वॉटर एनएसडब्ल्यू या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक तळ्याचा साठा वेगळा बघायला मिळतो. घर कुठल्या तळ्यावर आहे ते नाव लेखी मागा, त्याच तळ्याचा आजचा आकडा बघा, आणि मालकाला आज काढलेला फोटो पाठवायला सांगा. खरा मालक लगेच पाठवतो, कारण हा प्रश्न त्याला प्रत्येक जण विचारतो. टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं. डिसेंबर-जानेवारीत मोठी सवलत दिसली तर उन्हाळाही लक्षात घ्या: १९३९च्या जानेवारीत मेनिंडीत ४९.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आई-बाबांना घेऊन जायचं तर एप्रिल ते सप्टेंबर.

आता पैशांचं. त्या कुटुंबाला ईमेलवर पावती आली होती, वर अकरा आकडी एबीएन, म्हणजे धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, खाली दहा टक्के जीएसटी. एबीएन छापलेला दिसला की आपण निर्धास्त होतो. पण तो कुणाचाही उचलून छापता येतो. एबीएन लुकअप या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो आणि तिथे चार गोष्टी बघायच्या. नोंद कुणाच्या नावावर आहे, ती चालू आहे की रद्द, धंद्याचं राज्य आणि पिनकोड कोणता, आणि जीएसटीची नोंदणी आहे का. मेनिंडीचा पिनकोड २८७९, ब्रोकन हिलचा २८८०. त्या पावतीवरचा नंबर व्हिक्टोरियातल्या कुणाचा तरी होता आणि जीएसटीची नोंदणीच नव्हती. नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी लावलेला असेल तर पुढे एक शब्दही बोलू नका. उलट, छोट्या माणसाचा वार्षिक धंदा ७५,००० डॉलरच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे जीएसटी न लावणारा खोटाच असं समजू नका.

पैसे कुठल्या वाटेने जातात यावर ते परत येणार की नाही हे ठरतं. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे बँकेत तक्रार करून परत मिळण्याची वाट असते. बीएसबी (बँक-शाखेचा क्रमांक) आणि खाते क्रमांकावर पाठवलेले पैसे अनेकदा काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात पडतात आणि तिथून लगेच पुढे हलवले जातात. वर्षानुवर्षं बँका फक्त आकडे जुळवत होत्या. 'आउटबॅक लेक क्रूझेस' असं काहीही नाव टाकलं तरी पैसे त्या आकड्यांच्या खात्यात जायचे. अलीकडे बँका नाव जुळतं का हे दाखवू लागल्या आहेत. स्क्रीनवर 'नाव जुळत नाही' आलं तर तरीही बटण दाबून पुढे जाऊ नका. पे-आयडी (खात्याला जोडलेला मोबाईल नंबर किंवा ईमेल) वापरला तर पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते शांतपणे वाचा. बुकिंगच्या ॲपवर बोलणं सुरू करून 'बाहेर भरलंत तर दहा टक्के कमी' म्हणणाऱ्याला दहा टक्के जास्त देऊनही ॲपवरच भरा. ॲपबाहेर गेलात की त्या ॲपचं संरक्षण संपलं.

भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत आणखी एक वाट असते: 'आमचा पुण्यातला माणूस रुपयांत घेईल, यूपीआय करा.' अशा वेळी तक्रार कुठल्या देशात करायची हाच घोळ होतो. रुपयांत कुणालाही देऊ नका.

फुकटच्या गोष्टीचेही पैसे घेतात. पामामारूच्या काठी, मुख्य बंधाऱ्याजवळ, लोक वर्षानुवर्षं फुकट तंबू ठोकतात. १८६०मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेने त्याच भागात तळ टाकला होता. 'हेरिटेज कॅम्पसाईट परमिट' म्हणून कुणी ४० डॉलर मागितले तर देऊ नका. शेजारच्या किन्चेगा राष्ट्रीय उद्यानात मात्र तंबूच्या जागेचं आणि लोकर कातरणाऱ्यांच्या जुन्या निवासाचं आरक्षण लागतं. ते न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करायचं. गूगलवर सगळ्यात वर 'जाहिरात' अशी खूण असलेला दुवा दिसतो, तिथे तेच आरक्षण चढ्या दराने विकणारे बसलेले असतात. मासेमारीच्या परवान्याचंही तसंच, तो सर्व्हिस एनएसडब्ल्यू या राज्य सरकारच्या सेवेकडूनच घ्या.

गाडीत होणारी फसवणूक कायद्याच्या चौकटीत बसते, म्हणून जास्त चीड आणते. ब्रोकन हिल ते मेनिंडी रस्ता डांबरी आहे. किन्चेगातले रस्ते मात्र मातीचे, आणि मेनिंडीहून नदीकाठाने विल्कानिया गावाला जाणाराही कच्चा. पाऊस पडला की ही माती चाकाला लापशीसारखी चिकटते आणि रस्ता बंद करतात. भाड्याने गाडी देणारा फोनवर म्हणतो, 'हो हो, नॅशनल पार्कला जा की.' करारात मात्र लिहिलेलं असतं: कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही. गाडीत बहुतेकदा जीपीएस असतो, गाडी कुठे गेली ते त्यांना कळतं. परत दिल्यावर काचेवरचा तडा, टायर आणि गाडीच्या पोटाला लागलेले ओरखडे यांचं बिल अनामतीतून कापतात. करारात कच्च्या रस्त्याची व्याख्या शोधा, आणि किन्चेगाला परवानगी असल्याचं ईमेलवर लेखी घ्या. गाडी घेताना काच, चारही टायर, सुटं चाक आणि मोबाईल खाली धरून गाडीचं पोट, असा सलग व्हिडिओ काढा. अनामत कार्डावर फक्त अडवून ठेवणार की खात्यातून वळती करणार, हेही विचारा. वळती केली तर परत येताना परदेशी कार्डावर विनिमयात तोटा होतो.

आई-बाबांपैकी कुणी गाडी चालवणार असेल तर ऑनलाईन विकला जाणारा 'इंटरनॅशनल लायसन्स' घेऊ नका, तो नुसता प्लास्टिकचा तुकडा. खरा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष.

एक साधी तपासणी आम्हाला या सगळ्याहून मोलाची वाटते. मेनिंडीच्या किंवा ब्रोकन हिलच्या पर्यटक माहिती केंद्राला फोन करा आणि त्या धंद्याचं नाव घेऊन विचारा. पाचशे वस्तीच्या गावात कुणाची बोट आहे, कुणाचं घर आहे, हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असतं. नंबर जाहिरातीतून घेऊ नका, केंद्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. ब्रोकन हिलचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे चालतं, ते धरून कामाच्या वेळेत करा.

पैसे गेलेच तर पहिला फोन बँकेला, त्याच तासात, आणि 'व्यवहार परत बोलावा' असं स्पष्ट सांगा. मग स्कॅमवॉच आणि रिपोर्टसायबर या ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळांवर नोंद करा. पैसे भारतातून गेले असतील तर भारताच्या सायबर-फसवणूक तक्रारीच्या १९३० या क्रमांकावर. मेसेज पुसू नका, जाहिरातीचे, खात्याच्या आकड्यांचे आणि पावतीचे स्क्रीनशॉट ठेवा. बँकेने हात वर केले तर ऑस्ट्रेलियात एएफसीए या बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे फुकट तक्रार करता येते.

त्या कुटुंबाला दहा दिवसांनी एक फोन आला. पलीकडचा माणूस शांत आवाजात, अगदी अदबीने म्हणाला की तुमचे १,८०० डॉलर आम्ही शोधून काढलेत, सोडवायला २७० डॉलर फी लागेल. रक्कम त्याला शेवटच्या डॉलरपर्यंत माहीत होती. ती एक तर बँकेला माहीत होती, नाही तर ज्याने पैसे नेले त्याला. त्यांनी फोन ठेवला आणि तोही नंबर तक्रारीत जोडला.