प्लास्टर काढून बघणारे इंजिनिअर: आमच्या इमारतीचं ऑडिट आणि दुरुस्तीवरची देखरेख

आमची इमारत डोंबिवली पूर्वेची, 1988 सालची, तळ अधिक चार मजले, 20 बिऱ्हाडं. मी सोसायटीची सेक्रेटरी. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये जिन्याजवळच्या कॉलमचं प्लास्टर निखळून पडलं. आतल्या सळीचे पापुद्रे नुसत्या बोटांनी सुटून येत होते.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालेलं नव्हतं असं नाही. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करावं लागतं, म्हणून एकांकडून करून घेतलं होतं. ते गृहस्थ अर्ध्या दिवसात रंगावरूनच रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा मोजणारं उपकरण) टेकवत फिरले आणि 'किरकोळ दुरुस्ती' असा कागद देऊन गेले. त्या कागदाच्या भरवशावर वरच्या मजल्यांवर लहान मुलं झोपत होती, याचा मला अजून राग येतो.

म्हणून प्लास्टर पडल्यावर आम्ही दुसऱ्या फर्मला बोलावलं, हा अनुभव त्यांचा. यांच्या इंजिनिअरनी पहिल्या भेटीत हॅमर पिशवीतून काढलाच नाही. सगळ्या वीस घरांत गेले, संडास-बाथरूमच्या छतांवर लहान हातोडीने ठोकून बघितलं, जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने खूण केली. ड्रेनेजच्या डक्टमध्येही स्वतः उतरले. चाचण्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याही प्लास्टर काढून, काँक्रीट घासून घेतल्यावर. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई, जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो. हॅमर तिथे चांगला आकडा दाखवतो, आतली सळी मात्र गंजत असते." म्हणून ते एकट्या हॅमरवर विसंबत नाहीत. अल्ट्रासॉनिक चाचणी घेतात, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून बघतात, आणि कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून प्रयोगशाळेत दाबून बघतात.

मला सगळ्यात पटली ती फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारा मारला की जिथे सळीला गंजापासून वाचवणारी अल्कली शाबूत आहे तिथे गुलाबी रंग येतो, नाहीतर काहीच नाही. आमच्या त्या कॉलमला पृष्ठभागापासून 35 मिमीपर्यंत रंगच आला नाही. सळी होती 25 मिमीवर. म्हणजे तिचं संरक्षण कधीच संपलेलं. कमिटीतल्या सगळ्यांना उभं करून त्यांनी हे दाखवलं, त्यानंतर खर्चावर वाद झाला नाही. सळीचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत त्याच कॉलमचे आकडे उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेले. गंज चालू असण्याची शक्यता तिथे 90 टक्क्यांहून जास्त धरतात.

इमारत पाडूनच टाकावी असं काही सभासदांचं मत होतं. यांनी सी-2बी वर्ग दिला, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. 18 पैकी 5 कॉलमना जॅकेटिंग (जुन्या कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं कवच), चार स्लॅबना पॉलिमर मॉर्टर, आणि त्याआधी गळक्या पाइपांची बदली. हा क्रम त्यांनी हट्टाने पाळायला लावला. पाणी मुरतंच राहिलं तर नवं मॉर्टरही फुगून पडेल, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं.

ठेकेदाराला जॅकेट जमिनीच्या पातळीपासून सुरू करायचं होतं. यांनी फूटिंगपर्यंत, म्हणजे कॉलमच्या पायापर्यंत, खणायला लावलं. टेकू दिल्याशिवाय चिपिंग (खराब काँक्रीट फोडून काढणं) नाही, आणि एका वेळी एकच कॉलम. सळ्या घासून गंजरोधक लावला, नव्या सळ्यांसाठी भोकं पाडून केमिकल भरलं, मग मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं, सहज पसरणारं काँक्रीट. एका रविवारी नवं काँक्रीट ओलं ठेवायला गुंडाळलेली गोणपाटं कोरडी सापडली, तेव्हा ठेकेदाराच्या मुकादमाला त्यांनी आमच्यादेखत सुनावलं. सोमवारपासून पाणी मारण्याची वही सुरू झाली.

तक्रारीही आहेत. सांगितलेल्या मुदतीनंतर 20 दिवसांनी अहवाल आला, तोही अख्खा इंग्रजीत. आमच्या निम्म्या सभासदांना त्यातलं काही कळेना. मागे लागून दोन पानांचा मराठी सारांश घ्यावा लागला. तो त्यांनी आपणहून द्यायला हवा. आणि चिपिंग केल्यावर नुकसान जास्त निघू शकतं, हे आधी ठळकपणे सांगायला हवं होतं. आमचं बिल अंदाजापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढलं. मोजमाप मात्र प्रत्येक वेळी सोसायटीच्या माणसासमोर झालं, त्यामुळे संशयाला जागा राहिली नाही. जॅकेटमुळे जिन्याजवळची गाडीची एक जागा अरुंद झाली, तिथे आता स्कूटर लावतो.

ऑडिटची फी वेगळी, देखरेखीची वेगळी, आणि ठेकेदाराशी त्यांचा आर्थिक संबंध नाही असं लेखी देतात. ते मागून घ्या. पाचपैकी चार तारे देते, एक अहवालाच्या उशिरासाठी कापला. मोजवही आणि चाचण्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. जवळपासच्या कोणत्या सोसायटीला बघायचे असतील तर संध्याकाळी सहानंतर या, मी दाखवीन.