पासाटिएम्पो, सांता क्रूझ: मॅरियन हॉलिन्सनं उभा केलेला गोल्फ कोर्स

मागच्या महिन्यात पासाटिएम्पोला खेळून आले आणि तेव्हापासून ग्रुपवर इतक्या जणींनी विचारलंय, कसा आहे, किती पैसे पडतात, आपल्याला झेपेल का, की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून हायवे 17 नं डोंगर ओलांडून खाली उतरलं की सांता क्रूझ गावाच्या अलीकडेच हा कोर्स आहे. मेंबरांचा क्लब आहे पण बाहेरच्यांनाही पैसे भरून टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळतो, आणि या दर्जाच्या जुन्या कोर्सच्या बाबतीत अमेरिकेत हे फार कमी ठिकाणी होतं. स्वस्त अजिबात नाही, एका राउंडचे शेकडो डॉलर लागतात, मी वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकले आणि वाढदिवसाला गेले. मला विचाराल तर पैसे पुरेपूर वसूल झाले, पण जायच्या आधी एक काम करा, मॅरियन हॉलिन्स कोण होती ते माहीत करून घ्या, मग तिथलं एकेक होल वेगळंच दिसतं.

गोल्फ खेळणाऱ्या कोणालाही विचारा पासाटिएम्पो कोणाचा, बहुतेक जण सांगतील अ‍ॅलिस्टर मॅकेंझीचा. डिझाइन त्याचंच, त्यात वाद नाही. पण जागा शोधली कोणी, पैसे उभे केले कोणी, मॅकेंझीला तिथं आणलं कोणी? ती ही बाई. 1892 चा जन्म, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर वाढलेली, वडील वॉल स्ट्रीटवरचे मोठे असामी, आणि घोडे तर इतके हातात की चार घोड्यांची गाडी एकटी हाकायची. 1913 साली अमेरिकेच्या विमेन्स अ‍ॅमॅच्युअरच्या (हौशी महिला गोल्फपटूंच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या) फायनलमध्ये पोचली आणि हरली. मग मध्ये पहिलं महायुद्ध, आणि 1921 ला न्यू जर्सीत परत फायनल, समोर अ‍ॅलेक्सा स्टर्लिंग, जिनं 1916, 1919 आणि 1920 अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या होत्या (1917-18 ला युद्धामुळे स्पर्धाच झाली नव्हती). मॅरियननं तिला 4 होल बाकी असतानाच 5 होलच्या आघाडीनं हरवलं. आठ वर्षं थांबून मिळालेला कप, विचार करा.

दुसरी कोणी असती तर तो कप शोकेसमध्ये ठेवून निवांत बसली असती. हिनं लाँग आयलंडवर फक्त बायकांचा क्लब उभा केला आणि तिथला कोर्स बायकांचा बॉल किती लांब जातो ते धरून आखून घेतला. मला ही गोष्ट कपाहून मोठी वाटते. कारण आपण जिथं खेळतो तिथले बहुतेक कोर्स पुरुषांच्या ड्राइव्हवर (पहिल्या लांब शॉटवर) बेतलेले असतात आणि बायकांसाठी टी (पहिला शॉट मारायची जागा) नुसती पुढे सरकवून ठेवतात, की झालं. एका कोर्सवर तर काउंटरवरच्या माणसानं मला न विचारताच सगळ्यात पुढच्या टीचं कार्ड हातात दिलं होतं आणि नवऱ्याला मात्र विचारलं की सर तुम्ही कुठून खेळणार! तो दिवस मी विसरलेले नाही.

मग ती कॅलिफोर्नियाला आली, पेबल बीचच्या परिसराच्या विकासात काम करायला लागली, आणि तिथं सायप्रस पॉइंट या कोर्सची ती प्रसिद्ध गोष्ट घडली. सोळावं होल समुद्रावरून मारायचं पार 3, म्हणजे तीन शॉटमध्ये बॉल होलमध्ये जायला हवा. आधीचा डिझाइनर सेथ रेनर म्हणाला की इथं छान होल झालं असतं पण पलीकडे पोचायला अंतर फार आहे. मॅरियननं तिथंच जमिनीवर बॉल ठेवला आणि मारला थेट पलीकडे, जिथं आज ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) आहे तिथं. दोनशे यार्डांच्या वरचा शॉट, खाली फेसाळता समुद्र आणि हातात त्या काळची लाकडी दांड्याची क्लब. रेनर पुढे 1926 मध्ये वारला आणि काम मॅकेंझीकडे आलं. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की या होलचं श्रेय मुख्यतः मिस हॉलिन्सच्या दृष्टीला आहे. जगातल्या सगळ्यात जास्त फोटो निघणाऱ्या होल्सपैकी ते एक आहे आणि त्याची जागा एका बाईच्या शॉटनं ठरली, हे मला चाळिशीत गोल्फ शिकायला लागल्यावर कळलं!

सायप्रस पॉइंटला आपल्याला कोणी आत घेणार नाही, तिथं मेंबरसोबतच जावं लागतं. म्हणून पासाटिएम्पो. हे तिचं स्वतःचं स्वप्न होतं, कोर्स, घरं, घोड्यांसाठी वाटा, सगळं. 8 सप्टेंबर 1929 ला उद्घाटन, त्या दिवशी मॅरियन आणि त्या काळचे नावाजलेले गोल्फपटू बॉबी जोन्स, सिरिल टॉली आणि ग्लेना कॉलेट अशा चौघांचा सामना झाला. ज्या पहिल्या टीवर ते चौघं उभे होते तिथंच आपण उभं राहतो, समोर उतार आणि लांब खाली माँटेरेचा उपसागर. मला तिथं खरंच भरून आलं, पहिला शॉट मारायच्या आधी कॅडीला (बॅग उचलणाऱ्या, सल्ला देणाऱ्या मदतनीसाला) म्हटलं दोन मिनिटं थांब.

आता खेळाविषयी. पार 70, त्यात पार 3 तब्बल पाच. पहिले नऊ जरा मोकळे, दोन्ही बाजूंना घरं, सहाव्याच्या कडेला मॅकेंझीचं स्वतःचं घर होतं, 1934 मध्ये तो गेल्यावर त्याच्या अस्थीही याच कोर्सवर विखुरल्या. खरी मजा मागच्या नऊमध्ये. तिथं घळी आहेत, खोल, झाडीनं भरलेल्या, त्यांना बरांका म्हणतात, आणि त्या पुन्हा पुन्हा आडव्या येतात. दहाव्यापासूनच सुरू. पण आपल्यासारखीला सगळीकडे मोठाच शॉट मारायला पाहिजे असं नाही, बऱ्याच ठिकाणी बाजूनं वाट आहे, एक शॉट जास्त लागतो पण बॉल हरवत नाही. अकराव्याला मी तेच केलं, हायब्रिड क्लबनं बॉल शहाण्यासारखा अलीकडे ठेवला, मग पलीकडे. सोळावं मॅकेंझीचं फार आवडतं पार 4, पहिला शॉट आंधळा (बॉल कुठं पडणार ते दिसत नाही), दुसरा घळीवरून, आणि ग्रीन तीन पायऱ्यांचं. मी खालच्या पायरीवर होते आणि झेंडा वर, तीन पुट (ग्रीनवरचे हलके शॉट) लागले. ग्रीनवर होलच्या वरच्या उतारावर कधीच बॉल ठेवू नका, हे कॅडी पहिल्या होलपासून सांगत होता आणि मला बाराव्याला पटलं. कॅडी घ्याच, पैसे वाचवायची ही जागा नाही. चढ बराच आहे, चालायची सवय नसेल तर कार्ट घ्या, लाज नको.

मॅरियनच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचताना जीव तुटतो. 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्सच्या तेलाच्या धंद्यात तिला सुमारे 25 लाख डॉलर मिळाले, ते इथंच ओतले. मंदी आली. 1932 ला पहिल्या कर्टिस कपमध्ये (अमेरिका आणि ब्रिटनच्या हौशी महिला टीममधली स्पर्धा) अमेरिकेच्या टीमची ती कॅप्टन होती आणि टीम जिंकली, पण इकडे पैसा आटत गेला. 1937 ला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकानं तिच्या गाडीला धडक दिली, डोक्याला मार लागला, त्यातून ती पूर्ण सावरलीच नाही. पासाटिएम्पो विकावा लागला. ऑगस्ट 1944 मध्ये गेली, वय फक्त 51. वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव यायला 2021 ची यादी उजाडावी लागली, इतका उशीर मला अजून पचत नाही. एक गोष्ट मात्र फार गोड, जी स्पर्धा तिनं 1921 ला जिंकली तीच विमेन्स अ‍ॅमॅच्युअर 1986 ला पासाटिएम्पोवर खेळली गेली.

अठरावं होल पार 3, परत घळीवरून. माझ्याबरोबर लेक होती, शाळेच्या टीममध्ये खेळते, तिला मी वाटेत सायप्रस पॉइंटची गोष्ट सांगितली होती. ती टीवर गेली, बॉल ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मीपण थेट मारते." घळ पार झाली, बॉल ग्रीनच्या डाव्या कडेला थांबला.

सकाळी समुद्रावरून धुकं येतं, जाकीट न्या. आणि मुली गोल्फ खेळत असतील तर त्यांना घेऊन जा, नक्की.