वाकड्या भिंतीला स्कर्टिंग: स्क्रू की अॅडेसिव्ह?

स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायची लाकडी पट्टी. भिंतीचा फुगवटा आणि खळगा दोन-तीन मिलिमीटरपुरताच असेल, तर अॅडेसिव्ह सोयीचे पडते, कारण त्याचा जाड थर पट्टीमागची पोकळी भरून काढतो आणि भिंतीतील वायर किंवा पाइपला धक्का लागत नाही. मात्र वाकवून बसवलेली पट्टी सरळ होण्याचा प्रयत्न करते, म्हणून अॅडेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत तिला टेकू देऊन दाबून ठेवावे लागते. शिवाय भिंतीचा रंग भुसभुशीत असेल, तर पट्टी रंगासकट सुटून येते.

खळगा खोल असल्यास भिंतीत प्लग (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची नळी) ठोकून स्क्रूच लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे चूक होते ती स्क्रू आवळताना: पट्टी खळग्यात ओढली जाते आणि वरची कड नागमोडी दिसू लागते, म्हणून स्क्रूच्या जागी मागे पातळ पाचर सरकवून मगच तो आवळावा. डोकी लाकडात बुडवून पुट्टी भरण्याचे काम वाढते खरे, पण पुढे पट्टी काढायची झाली तर प्लास्टर शाबूत राहते.

पट्टीची वरची कड आणि भिंत यांमधली फट दोन्ही पद्धतींत उरतेच. ती अॅक्रिलिक सीलंटने भरावी, कारण साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.