सर्दी-तापाची ‘सब कुछ एकात’ गोळी: पाच दिवसांच्या वापरानंतर

ताप, अंगदुखी, नाक गळणे आणि नाक चोंदणे या चारही तक्रारींवर एकच इलाज म्हणून विकली जाणारी एक गोळी मी नुकतीच पाच दिवस घेतली. याच घटकांच्या गोळ्या अनेक कंपन्या काढत असल्यामुळे नावापेक्षा घटकांबद्दल लिहिणे अधिक उपयोगाचे आहे. माझ्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आणि १० मिलिग्रॅम फिनाइलएफ्रिन होते.

पॅरासिटामॉलने आपले काम चोख बजावले. गोळी घेतल्यावर तासाभरात ताप उतरू लागे आणि डोके हलके होई. क्लोरफेनिरामिनमुळे नाक गळायचे कमी झाले, मात्र झापड इतकी येई की दुपारी वाचायला घेतलेले पान दोनदा हातातून गळून पडले. हे औषध घेऊन गाडी चालवू नये, ही सूचना अगदी शब्दशः पाळावी.

चोंदलेल्या नाकाच्या बाबतीत मात्र या गोळीने माझी साफ निराशा केली. पहिल्या तीन रात्री मी तोंडाने श्वास घेत, घशाला कोरड पडल्यामुळे सारखा उठत काढल्या. नाक मोकळे करण्यासाठी गोळीत घातलेल्या फिनाइलएफ्रिनचा बराचसा भाग पोटातून घेतल्यावर आतडे आणि यकृत यांतच निष्प्रभ होतो, त्यामुळे नाकापर्यंत फारच थोडे पोचते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये ते या कामी परिणामकारक नसल्याचा निष्कर्ष काढला आणि २०२४ मध्ये त्या प्रशासनाने सर्दीच्या गोळ्यांतून हा घटक काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. असे असूनही वेष्टनावर ‘नाक मोकळे करते’ असे ठळक अक्षरांत छापलेले पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण आजारी माणूस त्या तीन शब्दांवर विसंबून असतो. चौथ्या रात्री साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घातले आणि प्रथमच सलग झोप लागली.

याहून गंभीर तक्रार पट्टीच्या छपाईबद्दल आहे. मला पट्टीतून लागतील तेवढ्याच गोळ्या कापून मिळाल्या आणि घटकांची नावे नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहिली. ताप चढल्यावर मी तापाची वेगळी गोळी हातात घेतली होती. दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे, हे औषधविक्रेत्याला फोन केल्यावर कळले. प्रौढ माणसानेही दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली, तर यकृताला इजा होऊ शकते.

ही गोळी आजाराचे दिवस कमी करत नाही, फक्त ते सुसह्य करते. फ्लूच्या विषाणूवरचे ओसेल्टामिविर वेगळे असते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू करावे लागते. मी यापुढे नुसते पॅरासिटामॉल आणि मिठाच्या पाण्याचे थेंब एवढेच घरात ठेवणार आहे, आणि पट्टी घेताना नावे छापलेला तुकडाच मागून घेणार आहे.