बंद पेटी की पोर्टची? एडगर व्हिलचर यांना आठवून

भाच्याचं जळगावातलं घर बांधून झालं. हॉल बारा बाय पंधरा, वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंती पुट्टी मारून गुळगुळीत. आता त्याला शेल्फवर बसतील असे स्पीकर घ्यायचेत आणि गाडी एकाच प्रश्नावर अडली आहे: पोर्टचे, म्हणजे पेटीला मोकळं भोक असलेले, घ्यावेत की बंद पेटीचे? आठ वर्षांपूर्वी मीही इथेच अडलो होतो.

दुकानात शेजारी-शेजारी लावून ऐकलेत तर बहुतेक वेळा पोर्टचेच आवडतील. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याच्या, मागच्या बाजूचा आवाजही त्या भोकातून कामी येतो, त्यामुळे थोड्या वॅटमध्ये भरपूर बास मिळतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या ॲल्बर्ट थुरास यांनी याचं पेटंट १९३२ मध्येच घेतलं होतं. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी त्याचं गणित मांडलं, म्हणून आजची पोर्टची पेटी अंदाजपंचे बनत नाही. सिनेमे बघायचे असतील, हॉल मोठा असेल, ॲम्प्लिफायर लहान असेल, तर पोर्टचेच घ्या.

माझेही पोर्टचेच होते. यावलकडच्या आमच्या धाब्याच्या घरात ते फार गोड वाजायचे. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड-मातीचं धाबं, कोपऱ्यात ज्वारीची पोती, गोधड्यांची चळत आणि ओट्याकडचं दार सदा उघडं. मग आम्ही भुसावळला स्लॅबच्या घरात आलो, खोली दहा बाय बारा. पहिल्याच संध्याकाळी तबल्याचं एकल वादन लावलं आणि डग्गा ओळखू येईना. वादकाने मनगट दाबून काढलेली मींड खालून वर चढायला हवी. इथे ती एका ठरावीक सुरापाशी आली की फुगायची, शोकेसच्या काचा थरथरायच्या, आणि पुढचा-मागचा प्रत्येक ठोका त्याच सुरात ऐकू यायचा. आई आतून म्हणाली, ‘बंद कर भो, घर घुमी ऱ्हायनं.’

आईचं खरं होतं, घरच घुमत होतं. समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचं अंतर असेल तर खोली ४७-४८ हर्ट्झच्या आसपास स्वतःच गुंजते, आणि लहान पेट्यांचे पोर्ट बरेचदा तिथेच, पन्नाशीच्या आगेमागे लावलेले असतात. जागा बदलली, खाली रबर दिलं, जाड पडदे लावले. थोडा फरक पडला, पण मींड काही परत आली नाही. वर्षभर मी तबला ऐकायचाच टाळत होतो. एवढ्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला: बंद पेटी.

एडगर व्हिलचर हे नाव मला तेव्हाच्या वाचनात सापडलं. न्यूयॉर्कचा हा माणूस विद्यापीठात ध्वनि-पुनरुत्पादन शिकवायचा. त्या काळी खोल बास हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. त्यांनी वूफरची, म्हणजे बास वाजवणाऱ्या स्पीकरची, कोनभोवतीची कड मुद्दाम सैल ठेवली आणि कोनला मागे खेचायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेला दिलं. कापडाची किंवा कागदाची कड जास्त ताणली की वेडीवाकडी वागते, हवा सरळ वागते. १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांना सोबत घेऊन त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च काढली, आणि त्यांचा ‘एआर-१’ दोन घनफुटांपेक्षा लहान पेटीत तो बास देऊ लागला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी एक खोली थाटली होती. तिथे फक्त ऐकायचं, विक्री नाहीच. १९६७ मध्ये कंपनी विकून ते श्रवणयंत्रांच्या संशोधनात उतरले आणि तिथल्या शोधाचं पेटंट न घेता तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. २०११ मध्ये ते गेले. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

खालच्या सुरांकडे जाताना बंद पेटीचा बास सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टचा २४ ने. लहान खोलीत भिंती खालचे सूर आपसूक उचलतात, त्यामुळे हा सावकाश उतार तिथे भरून निघतो. निदान माझ्या खोलीत तरी निघाला: मींड सलग वर चढली.

त्याची किंमतही मोजावी लागते. ॲम्प्लिफायर दमदार लागतो, आणि मे महिन्यात, कूलर घरघरत असताना, तो हाताला चटका बसेल इतका तापतो. बाजारात बंद पेटीचे पर्यायही कमी. मी जुनी जोडी शोधून घेतली. कड फोमची नको. आमच्याकडच्या उन्हात माझ्या एका जोडीचा फोम काही वर्षांतच भुगा झाला. रबराची पाहून घ्या.

तुमची खोली वेगळी वागू शकते, म्हणून पैसे देण्याआधी एक करा. कुणाचे तरी पोर्टचे स्पीकर दोन दिवस घरी आणा, तबला लावा, मग पोर्टमध्ये जाड पायमोजा घट्ट कोंबून तोच तुकडा पुन्हा ऐका. पायमोजा काढावासा वाटला तर पोर्टचे खुशाल घ्या. भाच्याने गेल्या रविवारी हे केलं. पायमोजे अजून आतच आहेत.

माझी आधीची पोर्टची जोडी धाकट्या भावाने यावलला नेली. धाब्याखाली, पोत्यांच्या शेजारी ती आजही गोड वाजते.