लिबफेकटाइम: डेटाबेसला पुढची तारीख दाखवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

सांगली भागातल्या पतसंस्थांचं मुदत ठेव आणि कर्जाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. लिनक्सवर चालणारं, पीएचपी भाषेत लिहिलेलं, डेटा मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये, असा सगळा मामला. आज केलेली ठेव वर्षानं मुदत संपल्यावर बरोबर वागते का, हे आजच बघावं लागतं. पूर्वी त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरचं घड्याळच पुढे ढकलायचो. मग नेटवरून वेळ जुळवणारी सेवा ते गुपचूप मागे आणायची, आणि ती बंद केली तर सुरक्षित जोडणीसाठीचं एसएसएल सर्टिफिकेट मुदतबाह्य ठरून जोडण्या तुटायच्या.

लिबफेकटाइम आल्यापासून ही कटकट संपली. प्रोग्राम सुरू होताना लिनक्सच्या एलडी प्रीलोड या सोयीनं ही लायब्ररी आधी चढते आणि प्रोग्रामनं वेळ विचारली की आपण ठरवलेली वेळ सांगते. बाकी मशीन आजच्याच तारखेत राहतं. तारखेआधी ॲटचं चिन्ह दिलं तर घड्याळ तिथून पुढे चालतं, नाही दिलं तर गोठतं. 31 मार्चची रात्र तपासायची तर चालतं घड्याळच हवं. 11:58 लावायचं आणि आर्थिक वर्ष बदलताना व्हाउचर क्रमांक एकपासून सुरू होतो का, ते समोर बघायचं.

सगळ्यात मोलाची चूक सापडली ती 29 फेब्रुवारी 2028 लावल्यावर. एका वर्षाची ठेव केली. छापील पावतीवर मुदत 1 मार्च 2029, खतावणीत 28 फेब्रुवारी 2029! पावतीची तारीख पीएचपी काढत होतं, खतावणीची मायएसक्यूएल, आणि नसलेल्या 29 तारखेचं दोघं वेगवेगळं करतात. ठेवीदार पावती घेऊन काउंटरवर आला असता तर एका दिवसाच्या व्याजावरून वाद ठरलेला. आता मुदत एकाच ठिकाणी, डेटाबेसमध्ये काढतो.

मायएसक्यूएलमध्येच वेळ बदलणारी सेट टाइमस्टँप ही आज्ञा वापरून भागत नाही का? थोडंफार भागतं. पण ते त्या एका सेशनपुरतं, म्हणजे डेटाबेसच्या एका जोडणीपुरतं. त्यात वेळ सांगणारं नाऊ हे फंक्शन बदलतं, सिसडेट हे दुसरं बदलत नाही, आणि पीएचपी तर आजच्याच तारखेत बसलेलं असतं. दोन्हीकडे एकच खोटी वेळ हवी.

याच तपासणीत तारीख-वेळ साठवणारे टाइमस्टँप प्रकारचे जुने कॉलमही हाती लागले. मायएसक्यूएलमध्ये त्यांची मर्यादा 19 जानेवारी 2038, आपल्याकडे सकाळी 8:44:07. आता दिलेल्या पंधरा वर्षांच्या घरतारण कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या पलीकडेच पडतो. चुकीचा डेटा अडवणारा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर नोंद नाकारली जाते, नसेल तर शून्यांची तारीख बसते, आणि हे दुसरं जास्त घातक. हप्त्यांचे ते सगळे कॉलम ही मर्यादा नसलेल्या डेट प्रकारात नेले.

तक्रारी दोन. स्टॅटिक जोडणीच्या, म्हणजे लायब्ररी आतच बांधलेल्या प्रोग्रामवर याचा काही उपयोग नाही, त्यामुळे आमची गो भाषेतली एसएमएस सेवा आजचीच तारीख पाठवत राहते. दुसरं, मोनोटॉनिक घड्याळही (फक्त पुढेच जाणारं, कालावधी मोजायचं) खोटं केलं की काही प्रोग्राम वाट बघत अडकतात. ते वगळायची सेटिंग आहे, ती सुरुवातीलाच लावा.

आणि हे फक्त डेटाच्या प्रतीवरच चालवा. प्रत्येक फेरीनंतर मूळ प्रत पुन्हा चढवा, नाहीतर 2028 च्या नोंदी आत राहतात आणि पुढच्या फेरीचं व्याज चुकतं.